चिंगीला काय कळतं?

पत्राचा सारांश: नाशिकच्या एका वाचक ताईंनी लिहिलं आहे. त्या बँकेत नोकरी करतात. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्या, त्यांचे पती, सासू-सासरे आणि तीन वर्षांची तिरंगी मांजर चिंगी असे राहतात. नोव्हेंबरच्या शेवटी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जवळजवळ थांबलं. घरी आणल्यावर हॉलमध्ये पलंग लावून त्यावर हवेची गादी टाकली. तेव्हापासून चिंगी रोज तासन्‌तास आबांच्या पायाशी बसते, कधी पोटावर चढून पुढच्या पायांनी तुडवत राहते. मध्येच देवघराच्या वरच्या कोपऱ्याकडे टक लावते. पहाटे चारला घरभर धावते. शिवाय जानेवारीपासून दर पंधरा-वीस दिवसांनी चार-पाच रात्री दाराशी बसून लहान मूल रडावं तशी रडते. गप्प करायला ताई उठून तिला दूध देतात. पती घरी येण्याच्या थोडं आधी ती दारात जाऊन बसते, याचं पूर्वी कौतुक व्हायचं. आता त्याचीही भीती वाटते. कारण नणंदेने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातलं एक मांजर, ते ज्या रुग्णापाशी बसेल तो जातो. सासूबाईंची झोप उडाली आहे. चिंगीला निफाडजवळच्या नातेवाइकांच्या मळ्यात सोडून यावं असं घरात ठरत आलं आहे. "चिंगी आली की आबा डावा हात हलवतात. हाकलतात की बोलावतात, कळत नाही. मांजराला खरंच पुढचं कळतं का? मी तिला सोडून येऊ का?" असं ताई विचारतात.

ताई,

आधी मळ्याचं बोलते. ते ठरत आलं आहे, आणि एकदा गाडी निफाडला जाऊन रिकामी परत आली की माझ्या सांगण्याचा काही उपयोग उरणार नाही.

चिंगी तीन वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहिली आहे. कुत्रं अंगावर आलं तर कुठे चढायचं, रस्ता कधी ओलांडायचा, भूक लागली तर काय धरायचं, यातलं काहीही शिकायची वेळ तिच्यावर आली नाही. मांजर माणसाला धरून असतं तितकंच जागेलाही धरून असतं. अनोळखी ठिकाणी मोकळं सोडलेलं मांजर पुष्कळदा एक-दोन दिवसांतच तिथून निघतं, आपल्या घराच्या शोधात. निफाडच्या उसात बिबटे आहेत हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून जाणता. अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात कुत्र्यांच्या खालोखाल पाळीव मांजरं निघाली होती. वर निफाडची थंडी. 'मळ्यात मोकळी हिंडेल, उंदीर धरेल' असं आपण म्हणतो ते आपल्या मनाच्या समाधानासाठी. शिवाय पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा मळा नको. तिला काही दिवस दूर ठेवायचीच वेळ आली तर काय करायचं ते पुढे सांगते.

आता तुमचा प्रश्न. मांजराला कळतं का?

पुष्कळ कळतं, ताई. आपल्या कानांना साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज येतात, मांजराला ६० हजारांच्याही वरचे. उंदराची पिल्लं ज्या बारीक पट्टीत आईला हाका मारतात, ती आपल्याला निव्वळ शांतता वाटते. चिंगीला तिथे गलका ऐकू येत असतो. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतक्या उजेडात तिचं भागतं. एक कान दाराकडे, दुसरा स्वयंपाकघराकडे असे ती वळवू शकते. तिच्या टाळूत वास घेणारं एक वेगळं इंद्रियही आहे. कुणाचे मोजे हुंगून झाले की वरचा ओठ उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून मांजर क्षणभर शून्यात बघतं, ते तुम्ही पाहिलं असेल. तेव्हा तो वास ती त्या इंद्रियापर्यंत नेत असते. आणि काही गोष्टी तिला अजिबात कळत नाहीत. साखरेची गोडी, उदाहरणार्थ. गोड चव ओळखायला लागणारं एक जनुक मांजरांमध्ये निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवलं. सासूबाईंच्या शिऱ्यापुढे ती बसत असेल तर ती तुपासाठी.

हे सगळं मी अशासाठी सांगते आहे की चिंगीकडे येणारी प्रत्येक बातमी आत्ताची असते. भिंतीत आत्ता काय हललं, कुणाच्या अंगाला आज कसला वास आहे, घरात या क्षणी ऊब कुठे आहे. तुमच्या घराने तिच्याकडून उद्याची बातमी ऐकायला सुरुवात केली आहे.

नणंदबाईंनी दाखवला तो व्हिडिओ बहुधा ऑस्कर नावाच्या बोक्याचा असावा. ती गोष्ट खरी आहे, म्हणून ती नीट सांगायला हवी. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात स्टीअर हाऊस नावाचं शुश्रूषागृह आहे. तिथे स्मृतिभ्रंशाच्या शेवटच्या टप्प्यातले रुग्ण ज्या मजल्यावर असतात, तिथे ऑस्कर पिल्लू असल्यापासून वाढला. डॉ. डेव्हिड डोसा यांनी २००७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये त्याच्यावर लेख लिहिला. तोपर्यंत पंचवीसहून जास्त रुग्णांच्या अखेरच्या तासांत तो त्यांच्या शेजारी जाऊन झोपला होता. एरवी तो माणसांच्या फार जवळ जाणारा नव्हता. शरीर विझत येताना त्यात जे बदल होतात त्यांचा वास त्याला येत असावा, असा एक तर्क आहे. अशा रुग्णांना उबदार पांघरुणं घालतात आणि ते हलत नाहीत, म्हणून तो तिथे जात असावा, असा दुसरा. तो लेख म्हणजे एका डॉक्टरांनी लिहिलेली हकिगत आहे, मोजूनमापून केलेला प्रयोग नव्हे. आणि तो मजलाच असा, की तिथे येणाऱ्या माणसांचे दिवस मोजकेच उरलेले असत.

आता चिंगीशी ताडून बघा. ऑस्कर अगदी शेवटच्या काही तासांत जायचा. चिंगी आबांपाशी दोन महिन्यांहून जास्त काळ रोज बसते आहे, आणि आबा आहेत. व्हिडिओ येण्याच्या आधीही ती तशीच बसत होती आणि तुमच्यापैकी कुणाला त्यात काही दिसलं नव्हतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा दबक्या पावलांनी घरात शिरतो.

मग ती तिथे का बसते? तुम्ही पत्रात दोन शब्द जाता जाता लिहिलेत: हवेची गादी. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ती घालतात, आणि तिचा पंप बहुतेक वेळा पलंगाच्या पायथ्याच्या पट्टीला अडकवलेला असतो. तो दिवसरात्र चालतो, बारीक घुमत असतो, हात लावला तर कोमट लागतो. चिंगी नेमकी पायाशी बसते. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं, आणि अंगची ऊब टिकवायला वेगळे कष्ट पडू नयेत यासाठी तिला भोवताली ३० अंशांच्या आसपास तरी ऊब लागते. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत अशा जागा घरात किती? फ्रिजचा माथा, टीव्हीखालचा डबा आणि आबांचा पायथा. त्यातही आबा हे घरातलं एकच माणूस असं, की जे मध्येच उठून चहा ठेवायला जात नाही. मांजराला जी मांडी हवी असते ती अशीच असते.

माझा हा अंदाज तुम्ही दोन संध्याकाळींत तपासू शकता. पुठ्ठ्याचं एखादं खोकं घ्या, त्यात जुनी गोधडी घाला आणि गोधडीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवा. खोकं आबांच्या पलंगापासून दोन-तीन फुटांवर, भिंतीला लागून ठेवा. खोक्याचं वेड ही तशी साधी गोष्ट नाही. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या अभ्यासकांनी प्राणी-निवाऱ्यात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोकी दिली आणि काहींना दिली नाहीत. खोकीवाली मांजरं लवकर निवळली. तुमच्या घरात नोव्हेंबरपासून सगळंच बदललं आहे. हॉलची मांडणी, औषधांचे वास, रात्रीचे दिवे, भेटायला येणारी माणसं. तो बदल चिंगीलाही पचवायचा आहे, आणि त्यासाठी तिला आडोसा हवा आहे.

तुडवण्याचं म्हणाल तर त्याला तुम्ही मुळीच भिऊ नका. पिल्लू काही दिवसांचं असतं तेव्हा दूध यावं म्हणून ते आईच्या पोटावर असेच दोन पंजे आळीपाळीने दाबतं. मोठेपणी मऊ, उबदार काही सापडलं आणि मन स्वस्थ असलं की पंजे आपोआप चालू होतात. आबांच्या पोटावर तिला आईची आठवण होते आहे. नखांची काळजी मात्र घ्यायला हवी, आणि ती खरी काळजी आहे. पक्षाघातानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या बऱ्याच जणांना चालू असतात; म्हाताऱ्या, पातळ झालेल्या कातडीवर छोटा ओरखडा उठला तरी रक्त लवकर थांबत नाही. हवेच्या गादीलाही नखाने भोक पडतं. तेव्हा दर दहा-बारा दिवसांनी तिच्या नखांची फक्त टोकं कापा, आतला गुलाबी भाग सोडून. आबांच्या अंगावर जाड दुलई किंवा दुपदरी चादर घाला. लघवीची नळी किंवा नाकातून अन्नाची नळी असेल तर ती पांघरुणाखाली राहील असं बघा, कारण लोंबणारी नळी मांजराला दोरीच वाटते. पाठीवर किंवा टाचेला जखम झाली असेल तर ती बरी होईपर्यंत चिंगी पलंगावर नको, खोक्यातच. रात्री हॉलमध्ये मंद दिवा ठेवा. आबांना बघायला उठलेल्या माणसाने अंधारात तिच्यावर अडखळून पडू नये.

आणि हे फार महत्त्वाचं, आजारी माणूस आणि मांजर एका छताखाली असलेल्या सगळ्यांसाठीच. उशाशी मांडलेल्या गोळ्या झाकणाच्या डब्यात ठेवा. पॅरासिटामॉलची एखादी गोळी खाली पडली आणि मांजराने चाटली तर तिच्या जिवावर बेतू शकतं. तिच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही. तापलेल्या मांजराला 'लहान मुलाइतकी' गोळी देणारे लोक मी पाहिले आहेत. देऊ नका. दुखण्यावर चोळायची मलमंही आबांच्या अंगावर पुरती जिरल्याशिवाय तिला जवळ जाऊ देऊ नका. भेटायला येणारे लोक फुलं आणतात, त्यात लिली असेल तर ती दारातूनच परत पाठवा. लिलीचे पराग अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

देवघराच्या कोपऱ्याबद्दल. माझ्या माहेरी, वाईला, आमचा बोका तीन रात्री एका फडताळाकडे तोंड करून बसला होता. आजीने अंगारा लावला, आम्ही मुलं त्या खोलीत जाईनाशी झालो. चौथ्या दिवशी वडिलांनी फडताळ पुढे ओढलं, तर मागे जुन्या रजईच्या कापसात उंदराची पाच पिल्लं. ती आम्हाला ऐकू येत नव्हती, त्याला येत होती. देवघरात तूप असतं, नैवेद्याचे कण असतात, दिव्यापाशी किडे येतात आणि किड्यांमागे पाल येते. एका रात्री हॉलचे दिवे मालवा आणि चिंगीच्या शेजारी बसून ती बघते तिथे टॉर्च धरा. तसबिरींच्या मागे बघा. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पाइप किंवा एसीचा डबा आहे का, त्यावर कबुतरं बसतात का, ते विचारा. शक्यतो सासूबाईंना बरोबर घ्या. तुम्ही एकट्याने शोधून सांगितलंत तर ते त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

ती अशी टक लावून बसलेली असताना हळूच तिच्या नावाने हाक मारून पाहा. मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांपासून वेगळं ओळखता येतं, हे जपानमध्ये अत्सुको साइतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रयोगांतून दाखवलं. चिंगी उठून येईलच असं नाही, पण एक कान तुमच्याकडे वळला तरी समजा की ती भानावर आहे आणि कामात आहे. हाकेला काहीच हालचाल नसेल, चेहरा झटके देत असेल, किंवा ती भिंतीला डोकं टेकवून दाबत राहत असेल, तर मात्र त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.

यजमानांच्या चाहुलीचं कोडं सोपं आहे. ते रोज ज्या गाडीने येतात तिचा आवाज चिंगीच्या ओळखीचा आहे, आणि तो तिला तुमच्याआधी, कदाचित वळणावरूनच, येतो. ठरलेली वेळही तिच्या अंगात मुरलेली असते. त्यांना एखाद्या दिवशी वेळ मोडून मित्राच्या गाडीने यायला सांगा आणि काय होतं ते बघा.

आता रडणं. तुमच्या पत्रातला हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि तुम्ही तो दोन ओळींत संपवलात. जानेवारीपासून, दर पंधरा-वीस दिवसांनी, चार-पाच रात्री, दाराशी बसून. चिंगीच्या नसबंदीचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. ती झालेली नसेल, ताई, तर चिंगी माजावर येते आहे. दिवस मोठे होऊ लागले की मांजरी माजावर येऊ लागतात. बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी तेच पुन्हा, असं ते महिनोन्‌महिने चालतं. त्या दिवसांत ती जमिनीवर लोळते का, पाठीवर हात ठेवला की मागचा भाग वर उचलून शेपूट बाजूला करते का, अंग जास्तच घासते का, ते आठवा. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मांजराचं रात्रीचं रडणं अशुभ मानलं गेलं. खरं तर ती जोडीदाराला घातलेली साद आहे, आणि बंद दारामागे ती कुणाला ऐकूच जात नाही. तिच्या अंगाची तगमग होत असताना तुमच्या घरात त्या रडण्यातून आबांचं मरण ऐकलं जात होतं. हे वाचताना मला चिंगीसाठी वाईट वाटलं, आणि सासूबाईंसाठीही.

उपाय नसबंदीचा. पशुवैद्याला भेटून माज उतरल्यानंतरची तारीख घ्या. ऑपरेशन झालं की बहुतेक मांजरी दोन-चार दिवसांत हिंडूफिरू लागतात. नुसत्या रडण्यापुरता हा प्रश्न नाही. वर्षानुवर्षं माजावर येत राहिलेल्या मांजरीला गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो. त्याच भेटीत रेबीजची लस, जंताचं औषध आणि तिचं वजन असं सगळं उरकून घ्या. आबांसारखं अशक्त माणूस घरात असताना लस चुकलेली चालणार नाही. तिच्या शीचा ट्रे रोजच्या रोज, हातमोजे घालून साफ करा. मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूला संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, त्याआधीच घाण बाहेर गेली की धोका फार कमी होतो.

नसबंदी आधीच झाली असेल आणि तरी ती अशी रडत असेल, तर माझा अंदाज चुकला असं समजून तपासणी करून घ्या. दहा वर्षांपुढच्या मांजरांच्या वाचकांनी तर रात्रीचं ओरडणं मुळीच अंगावर काढू नये. थायरॉइड आणि रक्तदाब ही त्या वयातली नेहमीची कारणं आहेत. आणि ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तो ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, जोर करतो, ओरडतो आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. मूत्रमार्ग तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

पहाटेची पळापळ राहिली. मांजर हे तिन्हीसांजेचं आणि पहाटेचं जनावर. उंदीर-पाखरं हलतात त्या वेळी तिचं रक्त सळसळतं. ते बंद होणार नाही, थोडं पुढेमागे सरकवता येईल. रात्री तुमची निजानीज होण्याआधी दहा-पंधरा मिनिटं तिला दोरीच्या टोकाला चिंधी बांधून पळवा, उडी मारू द्या, शेवटी चिंधी तिच्या पंजात सापडू द्या. मग लगेच जेवण. शिकार, जेवण, अंग चाटणं आणि झोप हा तिच्या अंगातला क्रम आहे. खेळ झाला की दोरी कपाटात ठेवा. गिळलेला दोरा आतड्यात अडकतो. आणि रात्री उठून दूध देणं आजपासून बंद करा. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, पोट बिघडतं. त्याहून मोठी अडचण अशी, की रडलं की दूध येतं हे तिला तुम्हीच शिकवलं आहे. पहिल्या आठवड्यात ती जास्त जोराने मागेल. त्या आठवड्यात मध्येच एकदा दिलंत, तर 'आणखी थोडा वेळ रडायचं' एवढंच ती त्यातून शिकेल. हॉलचं दार रात्री लावून घेता येत असेल तर ती, ट्रे आणि पाण्याची वाटी तुमच्या खोलीत घ्या, म्हणजे सासूबाईंना झोप मिळेल.

सासूबाईंबद्दल तुम्ही थोड्या वैतागाने लिहिलं आहे. मला तो वैताग समजतो. दिवसभर बँक, रात्री आबांचं सगळं, त्यात हे. तरी एक विचारू? डॉक्टरांनी आबांच्या तब्येतीबद्दल सासूबाईंना समोर बसवून, त्यांना कळेल अशा शब्दांत, कधी सांगितलं आहे का? की सगळं यजमानांना बाहेरच्या बाकावर सांगितलं गेलं आणि त्यांच्यापर्यंत 'बरे होतील हं' एवढंच आलं? ज्या माणसाला नीट काही सांगितलं जात नाही, ते माणूस मिळेल तिथून खुणा गोळा करतं. मांजर कुठे बसलं, कावळा कधी ओरडला, दिवा का फडफडला. चिंगी मळ्यात गेली तरी ही भीती हॉलमध्येच राहील आणि दुसरं काहीतरी धरून बसेल. पुढच्या भेटीला सासूबाईंना डॉक्टरांकडे न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच विचारू द्या. आणि घरी निवांत असताना त्यांना हेही सांगा, की ज्या षष्ठीदेवीला, आपल्या सटवाईला, लेकरांची राखणकर्ती मानतात, तिचं वाहन मांजर आहे. परंपरेने मांजराला फक्त अपशकुनाची जागा दिलेली नाही. त्या ज्या घरात वाढल्या तिथे कोठीच्या खोलीत मांजर नक्की असेल. तिच्याबद्दल विचारा. त्यांच्या आठवणीतलं मांजर भीतीचं नसेल, असं मला वाटतं.

एवढं करूनही घरातली रात्र निवळली नाही, तर चिंगीला महिनाभर एखाद्या मांजर पाळणाऱ्या मैत्रिणीकडे ठेवा. तिच्या ओळखीची गोधडी आणि ट्रे बरोबर द्या, पहिले काही दिवस तिला एकाच खोलीत ठेवायला सांगा, खिडक्यांना जाळी आहे ना ते आधी स्वतः जाऊन बघा. तुमच्याही बाल्कनीला जाळी नसेल तर ती लावून घ्या. पडताना अंग वळवून पायांवर येण्याची मांजराची कला खरी आहे. फ्रान्सच्या एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली छायाचित्रांची मालिका काढून ती दाखवली होती. पण पायांवर पडलेल्या मांजराचीही जबड्याची आणि छातीची हाडं मोडतात. माजावर आलेली मांजर तर बोक्याच्या आवाजाने कठड्यावरून बाहेर झेपावते.

शेवटी आबांचा डावा हात. चिंगी कुणाला हवी, कुणाला नको, याबद्दल तुमच्या पत्रात सासूबाईंचं मत आहे, नणंदबाईंचं आहे, यजमानांचं आहे, तुमचं आहे. ज्यांच्या पायाशी ती बसते त्यांना कुणी विचारल्याचं मात्र पत्रात नाही. बोलणं गेलं म्हणजे आवडनिवड गेली असं नसतं. सकाळी ते ताजेतवाने असतील तेव्हा, टीव्ही बंद करून, त्यांच्या डाव्या बाजूला बसा. चिंगीला दिसेल अशी जवळ धरा आणि एकच छोटा प्रश्न विचारा: "आबा, चिंगी हवी?" हो असेल तर माझा हात दाबा, असं सांगा आणि थांबा. उत्तर यायला वेळ लागेल, तो द्या. पक्षाघातानंतर हो आणि नाही यांची अदलाबदलही होते, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी विचारा. वाचा-उपचार चालू असतील तर त्या तज्ज्ञांना बरोबर बसवा.

त्यांनी नको म्हटलं तर तिचं खोकं तुमच्या खोलीत न्या, आणि तो विषय तिथे संपला. हो म्हटलं, तर त्यांना आणखी एक गोष्ट शिकवा. मांजराकडे बघत पापण्या अर्ध्या मिटायच्या, सावकाश, मग पुऱ्या मिटायच्या, मग उघडायच्या. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं, की माणसाने असे डोळे मिचकावले की मांजर जास्त वेळा तसंच उत्तर देतं, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्याजवळ यायला तयार होतं. त्यासाठी शब्द लागत नाहीत, उजवा हातही लागत नाही. आबा दिवसभर घरातल्या सगळ्यांचं ऐकून घेतात आणि कुणाशी बोलू शकत नाहीत.

काय म्हणाले ते मला कळवा.